शर्यतीचा लेखक कोण?

सुभद्रेचें लग्न अखेर अर्जुनाशींच होणार हें पक्कें ठाऊक असूनही 'सौभद्र' पाहावयास जाणाऱ्याचा आनंद रतिभरही उणा होत नाहीं. किंबहुना तें ठाऊक असतें म्हणूनच मधल्या घोटाळ्यांची मौज तो निश्चिंत मनानें लुटूं शकतो. नाटकाचा शेवट नाटककारानें योजलेला असतो, नटांना तो पाठ असतो, आणि प्रेक्षकही या संगनमतांत खुषीनें सामील झालेला असतो. शर्यतीची गोष्ट नेमकी उलट आहे. तिचा शेवट कोणालाच ठाऊक नसावा, ही तिची पहिली आणि शेवटची अट. शर्यतींतही नायक-प्रतिनायक असतात, दैवाचे फेरे असतात, अनपेक्षित कलाटणी असते. मात्र तिला लेखक नसतो. ज्या क्षणीं तिच्यांत लेखक शिरतो त्या क्षणीं ती शर्यत राहत नाहीं. आणि तो लेखक लपून बसलेला असेल तर ती नाटकही होत नाहीं, निव्वळ फसवणूक होते.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत मोटारींच्या शर्यतींचें काय काम, असें एखादा वाचक विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, शर्यत आधींच ठरवून घेतल्याचा आरोप हा केवळ यंत्रांचा किंवा नियमांचा प्रश्न नाहीं. तो साक्षीचा, कथनाचा आणि विश्वासाचा प्रश्न आहे. आणि हे तिन्ही विषय टीकाकाराच्या नित्य व्यवहारांतले आहेत. एखादी हकीकत आपण खरी कां मानतों? ती पुराव्यानें सिद्ध झालेली असते म्हणून, कीं ती सुरेख सांगितलेली असते म्हणून? या प्रश्नाचा विचार करण्यास मोटार-शर्यतींच्या इतिहासांतील दोन प्रकरणें फार उपयोगी पडतात. एक १९३३ सालचें, उत्तर आफ्रिकेंतील त्रिपोलीचें. दुसरें २००८ सालचें, सिंगापूरचें. पहिल्यांत पुरावा तुटपुंजा, पण गोष्ट बहारीची; दुसऱ्यांत गोष्ट नीरस, पण लबाडी खरी. लोकांनीं पहिलीवर मनापासून विश्वास ठेवला, आणि दुसरीचा त्यांना जवळजवळ वर्षभर पत्ताही लागला नाहीं.

त्रिपोली हें त्या वेळीं इटलीच्या ताब्यांतील लिबिया वसाहतीचें मुख्य शहर. तेथील मेल्लाहा मार्गावर ७ मे १९३३ रोजीं जी शर्यत झाली, तिला लॉटरीची जोड दिलेली होती. इटलीभर तिकिटें खपलीं; शर्यतीपूर्वीं कांहीं दिवस सोडत झाली; आणि सोडतींत निघालेलें एकेक तिकीट एकेका चालकाच्या नांवाशीं जोडलें गेलें. ज्याच्या तिकिटावरचा चालक पहिला येईल त्याला लक्षावधि लिरांचें बक्षीस. ही योजना आंखणारांच्या ध्यानांत एक साधी गोष्ट आली नाहीं. आपला चालक कोण हें तिकीटवाल्यास ठाऊक, त्या चालकाचा ठावठिकाणा साऱ्या इटलीस ठाऊक, आणि दोघांची गांठ पडण्यास मध्यें दिवस मोकळे! शर्यत अकिल्ले व्हार्झी यानें जिंकली. दुसरा आलेला तात्सिओ नुव्होलारी त्याच्या इतका निकट होता कीं, दोघांत एका सेकंदाचेंही अंतर नव्हतें.

या शर्यतीची जी हकीकत जगभर पसरली, ती मुख्यतः आल्फ्रेड नॉयबाउअर यांच्या आठवणींवरून. नॉयबाउअर हे मर्सिडीज कंपनीच्या शर्यत-विभागाचे अनेक वर्षें प्रमुख होते. त्यांच्या आठवणी दुसऱ्या एका लेखकानें शब्दबद्ध केल्या. त्या १९५८ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाल्या आणि पुढें 'स्पीड वॉज माय लाइफ' या नांवानें इंग्रजींत आल्या. त्यांत त्रिपोलीची गोष्ट अशी येते: पिसा गांवच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्यास व्हार्झीच्या नांवाचें तिकीट लागतें, तो व्हार्झीला गांठतो आणि बक्षिसांतील मोठा वांटा देऊं करतो, व्हार्झी इतर नामांकित चालकांना आपल्या बाजूस वळवितो, आणि शर्यतीच्या दिवशीं एकामागून एक प्रतिस्पर्धी हळू तरी पडतात किंवा थांबतात तरी, आणि शेवटीं व्हार्झीची कुरकुरणारी गाडी कशीबशी पहिली येते. प्रहसनाला लागणारें सर्व साहित्य येथें आहे: लोभी सावकार, धूर्त नायक, बावळट अधिकारी, आणि जिंकूं नये म्हणून धडपडणारे शूर वीर. वाचतांना हंसूं आवरत नाहीं.

टीकाकारानें हंसून घ्यावें, आणि मग पुस्तक पुन्हां उघडून तीन प्रश्न विचारावे. सांगणाऱ्यानें हें स्वतः पाहिलें काय? तो तें केव्हां सांगतो? आणि ज्यांच्याविषयीं सांगतो त्यांना उत्तर देण्याची सोय आहे काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, नॉयबाउअर त्या दिवशीं त्रिपोलीस नव्हतेच. मर्सिडीजचा संघ त्या शर्यतींत उतरलाच नव्हता. तरीही दोघांच्या खाजगी भेटींतील हकीकत ते अशी सांगतात, कीं जणूं लेखक पडद्याआड उभा होता. दुसऱ्याचें उत्तर: पंचवीस वर्षांनीं. तिसऱ्याचें उत्तर सर्वांत बोलकें आहे. या कटांत ज्याचें नांव गोंवलें गेलें तो बोर्झाकिनी १९३३ च्याच सप्टेंबरांत मोंझा येथील शर्यतींत ठार झाला. व्हार्झी १९४८ सालीं बर्न येथें सराव करतांना मेला. नुव्होलारी १९५३ सालीं आजारानें वारला. पुस्तक निघालें तेव्हां या तिघा आरोपींपैकीं एकही हयात नव्हता. मेलेल्यांवर आरोप करूं नये असें आम्हीं म्हणत नाहीं; पण तो करणाऱ्यानें पुराव्याची दुप्पट काळजी घ्यावी, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

मग त्रिपोलीस कांहींच झालें नाहीं काय? तसेंही म्हणतां येत नाहीं. तिकीटवाले आणि चालक यांच्यामध्यें बक्षीस वांटून घेण्याविषयीं कांहीं बोलणें झालें होतें, असें नंतरच्या अभ्यासकांनाही वाटतें. आणि पुढें सोडत शर्यतीच्या अगदीं तोंडावर काढण्यांत येऊं लागली, यावरून आयोजकांना आपली चूक उमगली होती हें उघड आहे. परंतु बक्षीस वांटून घेण्याचा करार करणें वेगळें, आणि पहिला कोणी यावयाचें हें ठरवून गाडी हांकणें वेगळें. या दुसऱ्या गोष्टीचा भक्कम पुरावा पुढें आलेला नाहीं. नुव्होलारी पेट्रोलासाठीं थांबला आणि व्हार्झी जादा टाकी बसवून न थांबतां गेला, एवढ्या साध्या कारणानेंही निकालाचा उलगडा होतो. मात्र साध्या कारणाची गोष्ट कोण सांगत बसणार?

काव्यामध्यें असंभाव्य वाटणाऱ्या शक्य घटनेपेक्षां संभाव्य वाटणारी अशक्य घटना पत्करावी, अशा आशयाचा उपदेश ॲरिस्टॉटलनें केला आहे. कवीला तो शोभतो. साक्षीदारानें तो पाळला कीं अनर्थ होतो. या मोहाचें उदाहरण आपल्या घरींच आहे. शकुनीचे फांसे त्याच्या बापाच्या हाडांचे केलेले होते, ही कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली असते. व्यासांच्या सभापर्वांत ती नाहीं. तेथें शकुनि कपट करतो असें व्यास स्पष्ट सांगतात, पण तें कसें केलें याचें वर्णन करीत बसत नाहींत. द्यूतांत निष्णात असा एक मनुष्य आणि 'नाहीं' म्हणतां न येणारा दुसरा, एवढेंच त्यांना पुरतें. लोकमानसाला तें पुरलें नाहीं. त्याला कपटाचें एखादें साधन दिसावयास हवें होतें, आणि त्या साधनामागें सूडाचा एखादा इतिहासही हवा होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील विद्वानांनीं बाराशेंहून अधिक हस्तलिखितें ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, ती मूळ कोणतें आणि मागाहून भर पडलेलें कोणतें हें निवडण्यासाठींच. लाकडाच्या व्यापाऱ्याची गोष्ट अशा चाळणींतून गेली तर तिचा किती अंश वर राहील, याची शंकाच आहे.

आतां दुसरें प्रकरण. २८ सप्टेंबर २००८ रोजीं सिंगापूर शहराच्या रस्त्यांवर जी शर्यत झाली, ती फॉर्म्युला वन या वर्गांतील दिव्यांच्या उजेडांत धांवलेली पहिलीच शर्यत. तींतील लबाडी कळण्यास दोन नियम समजून घेतले पाहिजेत. त्या वेळीं चालकांना मध्येंच थांबून पेट्रोल भरतां येत असे. दुसरें असें कीं, अपघात होऊन रस्त्यांत गाडी अडकली म्हणजे 'सेफ्टी कार' नांवाची एक गाडी पुढें येते; सारे चालक तिच्यामागें संथपणें एका ओळींत चालतात, आणि कोणीं कितीही अंतर कमावलेलें असलें तरी तें पुसलें जातें. शिवाय सेफ्टी कार येतांच पेट्रोल भरण्याची जागा त्या काळीं कांहीं वेळ बंद ठेवीत. तेव्हां जो नुकताच पेट्रोल भरून बाहेर पडला असेल त्याचें दैव उघडे. बाकीच्यांना मागाहून थांबावें लागे आणि त्यांची जागा जाई.

रेनो कंपनीच्या संघाचे दोन चालक होते: पूर्वीं दोनदां जगज्जेता झालेला फर्नांडो अलोन्सो, आणि पहिल्याच वर्षीं चांचपडणारा नेल्सन पिके, तीन वेळां जगज्जेता झालेल्या बापाचा त्याच नांवाचा मुलगा. पात्रता-फेरींत गाडी बिघडल्यामुळें अलोन्सोला पंधराव्या जागेवरून निघावें लागलें. असें असतां त्याला थोडकेंच पेट्रोल देऊन धाडलें गेलें, आणि बाराव्या फेरीअखेर, इतरांच्या पुष्कळ आधीं, तें भरावयास त्याला आंत बोलावलें. त्यानंतर लौकरच पिकेची गाडी सतराव्या वळणावर भिंतीस धडकली. सेफ्टी कार आली, ओळ जमली, इतर चालक पेट्रोलासाठीं थांबले, आणि अलोन्सो पुढें सरकत जाऊन शर्यत जिंकला. सर्वांनीं त्याच्या नशिबाचें कौतुक केलें. नवशिक्याची चूक झाली, असें पिकेविषयीं म्हटलें गेलें; तो स्वतःही तेंच म्हणाला. संशय घेण्यासारखें सर्व कांहीं डोळ्यांसमोर होतें, पण त्यांत गोष्टीसारखें कांहींच नव्हतें. ना पिसाचा व्यापारी, ना लिरांची थैली. एक सामान्य चालक भिंतीवर आदळला, आणि असे चालक आदळतातच.

याउलट पांच आठवड्यांनीं काय झालें तें पाहण्यासारखें आहे. २ नोव्हेंबर रोजीं ब्राझीलमध्यें वर्षाची अखेरची शर्यत झाली. फेरारीचा फेलिपे मासा ती जिंकला, आणि कांहीं क्षण तो जगज्जेता आहे असेंच सर्वांस वाटलें. इतक्यांत शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणांवर लुईस हॅमिल्टननें टिमो ग्लॉक या चालकास मागें टाकून पांचवी जागा मिळविली, आणि हॅमिल्टनचे ९८ व मासाचे ९७ गुण होऊन विजेतेपद हॅमिल्टनकडे गेलें. एखाद्या नाटककारानें असा शेवट योजला असता तर आम्हीं त्यास अतिरंजित म्हणून नांवें ठेवलीं असतीं. तो कोणीं योजिलेला नव्हता, हेंच त्याचें थोरपण. पण लोकांना तसें वाटलें नाहीं. ग्लॉकनें मुद्दाम वाट दिली, अशी ओरड झाली आणि बिचाऱ्यावर शिव्यांचा वर्षाव झाला. वस्तुतः पाऊस सुरू झाल्यावरही तो कोरड्या रस्त्याचेच टायर लावून धांवत होता. रस्ता निसरडा झाला तसा तो हळू पडला, आणि त्याच्याच संघाचा दुसरा चालक त्याच कारणानें तसाच हळू पडला. म्हणजे एकाच हंगामांत खऱ्या लबाडीकडे कोणाचें लक्ष नव्हतें, आणि निरपराधी माणसावर सर्वांची नजर होती. संशय पुराव्याच्या मागोमाग जात नाहीं. तो रंगतीच्या मागोमाग जातो.

सिंगापूरचें बिंग फुटलें तें कोणाच्या चिकित्सेनें नव्हे, भांडणानें. २००९ सालच्या उन्हाळ्यांत रेनोनें पिकेस काढून टाकलें, तेव्हां त्यानें एफ. आय. ए. या आंतरराष्ट्रीय मोटारसंस्थेपुढें जबानी दिली. संघाचे प्रमुख फ्लाव्हिओ ब्रिआतोरे आणि मुख्य अभियंते पॅट सायमंड्स यांच्या सांगण्यावरून आपण गाडी आदळली. कोठें आदळावयाची ती जागा सायमंड्स यांनीं नकाशावर दाखविली. मोडकी गाडी चटकन उचलणारी क्रेन जवळ नाहीं म्हणून तीच जागा निवडली, असें त्याचें म्हणणें होतें. सूड घेऊं पाहणाऱ्या माणसाची साक्ष जपूनच घेतली पाहिजे, हें खरें. पण येथें साक्षीला दुजोरा देणारीं मुकीं साधनें होतीं. सध्यां कितवी फेरी चालू आहे, असें पिकेनें बिनतारी यंत्रावर पुन्हां पुन्हां विचारलेलें नोंदलें गेलें होतें. आणि गाडी घसरूं लागल्यावर चालक ज्या ठिकाणीं पाय उचलतो तेथें यानें वेग देणें चालूच ठेवलें होतें, हें गाडीवरील यंत्रांच्या आंकड्यांतून दिसत होतें. त्रिपोलीच्या कथेंत जें नव्हतें तें येथें होतें: घडत्या वेळींच झालेली, कोणाचें मन राखण्यासाठीं न केलेली नोंद.

रेनोनें आरोप नाकारला नाहीं. २१ सप्टेंबर २००९ रोजीं संस्थेनें संघाला दोन वर्षांची तहकूब शिक्षा दिली, ब्रिआतोरे यांस बेमुदत आणि सायमंड्स यांस पांच वर्षांसाठीं खेळाबाहेर केलें. अलोन्सोला या बेताची माहिती असल्याचें आढळलें नाहीं. न्यायासाठीं हेंही नमूद केलें पाहिजे कीं, ब्रिआतोरे यांनीं आरोप कधींच मान्य केला नाहीं, मूळ कल्पना कोणाची याविषयीं सायमंड्स आणि पिके यांचें म्हणणें जुळलें नाहीं, आणि जानेवारी २०१० मध्यें पॅरिसच्या न्यायालयानें दोघांवरील बंदी रद्द ठरविली. पुढें दोघेही या खेळांत परतले.

येथें कोणी म्हणेल कीं, मोटार-शर्यत हा संघाचा खेळ आहे. दोन चालकांपैकीं एकानें दुसऱ्यासाठीं झिजावें यांत गैर तें काय? या आक्षेपांत तथ्य आहे. १२ मे २००२ रोजीं ऑस्ट्रियांत फेरारीच्या आज्ञेवरून रुबेन्स बारिकेलो यानें हातीं आलेली शर्यत शेवटच्या कांहीं वारांवर मायकेल शूमाकरला देऊन टाकली. तें त्या वेळच्या नियमांत बसत होतें. तरीही प्रेक्षकांनीं हुर्यो केली, आणि ओशाळलेल्या शूमाकरनें बारिकेलोला विजेत्याच्या पायरीवर उभें केलें. पुढें अशा आज्ञांवर बंदी आली. ती पाळली जात नाहीं असें दिसल्यावर २०११ पासून उठविण्यांत आली. आमच्या मतें ऑस्ट्रिया आणि सिंगापूर यांत फरक आहे, आणि तो प्रेक्षकांनींच दाखवून दिला. ऑस्ट्रियांत लेखक रंगभूमीवर आला. लोकांनीं त्याला पाहिलें आणि तोंडावर धिक्कारलें. सिंगापुरांत तो पडद्यामागें राहिला, आणि लोकांनीं टाळ्या वाजविल्या. आपल्या टाळ्या चोरून नेल्या गेल्या आहेत, हें त्यांना ठाऊकही नव्हतें. शिवाय तेथें पणाला लागली होती ती केवळ जागा नव्हे. भरधांव गाडी भिंतीवर घालणें म्हणजे चालकाचा, कडेला उभ्या असलेल्या सेवकांचा आणि प्रेक्षकांचा जीव पणाला लावणें होय.

आणि नुकसान झालें तें कोणाचें? त्या रात्रीं मासा सर्वांच्या पुढें होता. सेफ्टी कार येऊन पेट्रोल भरण्याची जी घाई उडाली तींत त्याची गाडी पेट्रोलाची नळी घेऊनच निघाली. तो तेरावा आला आणि त्यास एकही गुण मिळाला नाहीं. ती चूक फेरारीच्या माणसांची होती, हें नाकारतां येत नाहीं; पण ती घाई ज्या अपघातानें उत्पन्न केली तो अपघात नव्हता. पुढें विजेतेपद एका गुणानें गेलें. खेळाचे व्यापारी सूत्रधार बर्नी एक्लस्टन यांच्या नांवें २०२३ सालीं एक मुलाखत प्रसिद्ध झाली. खरा प्रकार आपणांस २००८ मध्येंच कळला होता आणि खेळाची बदनामी टाळण्यासाठीं आपण गप्प राहिलों, असें तींत होतें. ती मुलाखत आपणांस आठवत नाहीं, असें त्यांनीं नंतर सांगितलें. मासानें २०२४ सालीं लंडनच्या न्यायालयांत दावा लावला. त्याचें म्हणणें कायद्यांत कितपत टिकेल, हा आमचा विषय नव्हे. पण गप्प राहण्याचें जें कारण त्या मुलाखतींत दिलें होतें, तें मात्र टीकाकारानें सोडतां कामा नये. खेळाची अब्रू वांचविण्यासाठीं खेळाचा प्राण गेल्याचें लपवावयाचें, असा त्याचा अर्थ होतो.

अब्रू ही गोष्टीवर उभी असते, आणि गोष्ट मागाहून कशीही रचतां येते. खेळाचा प्राण आहे तो शेवट कोणालाच ठाऊक नसण्यांत. नॉयबाउअर यांचें पुस्तक आम्हीं पुन्हांही आवडीनें वाचूं, परंतु तें प्रहसन म्हणून. त्यावरून तिघां मृतांना चोर ठरविणार नाहीं. आणि पुढच्या वेळीं एखादा सामान्य चालक अगदीं सामान्य रीतीनें भिंतीवर आदळला, तर ग्लॉकचें स्मरण ठेवून आम्हीं त्याला लगेच दोषी म्हणणार नाहीं, आणि सिंगापूरचें स्मरण ठेवून त्याच्या गाडीचे आंकडेही मागून घेऊं.